प्राणेशचा राहुकाळ

बाळकृष्णराव परवा घरी आले. तंजावुरातल्या आमच्या मराठी मंडळाचे ते चिटणीस. कॉफी प्यायले, पानाचा डबा पुढे ओढला आणि म्हणाले, "सूर्यनारायणराव, प्राणेशरावांचा सत्कार ठरलाय. विमान चालवून हजार तास झाले, एक ओरखडा नाही. त्यांच्याविषयी चार पानं तुम्ही लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतो?"

म्हणजे बघा. गावात लिहिणारी माणसं काय कमी आहेत? पण सांगितलं मला, ज्याच्या पोटात त्या माणसाच्या नावाने चाळीस वर्षं दुखतंय त्याला. मी हो म्हणालो. म्हटलं, देवनागरीत लिहितो. मंडळात देवनागरी घडाघडा वाचणारे पाच-सहा म्हातारे उरलेत, त्यातल्या तिघांना मोतीबिंदू आहे. मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

प्राणेश माझा मामेभाऊ. माझ्याहून सहा महिन्यांनी धाकटा, म्हणून मला सूर्यण्णा म्हणतो. राजवाड्याच्या मागच्या एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत आम्ही वाढलो. दिसायला काही नाही. काटकुळा, कान मोठे, सदरा नेहमी एक माप मोठा. हायस्कुलात गणित शिकवतो. बोलतो हळू, आणि बोलण्याआधी इतका थांबतो की समोरच्याला वाटावं, याला ऐकूच आलं नाही. असल्या माणसाचा हेवा कुणाला का वाटावा? मला वाटला, आणि तो लावला माझ्या आईने. चंद्रमतीबाई. तिच्या भावाचा हा लाडका मुलगा. मी पळण्याच्या शर्यतीत पहिला आलो की ती म्हणे, "प्राणेश बघ, घामाचा सदरा स्वतः धुतो." मी परीक्षा पास झालो की, "प्राणेशला गणितात किती पडले?" एकदा मला टायफॉइड झाला, तर त्या आजारपणातही तिने प्राणेश कसा मुकाट काढा पितो ते ऐकवलं. आता आईला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

छप्पन साली तिरुच्चीच्या विमानतळावर एक फ्लाइंग क्लब निघाला. सरकारची मदत होती म्हणून माझ्यासारख्या कचेरीतल्या कारकुनालाही शिकता आलं. दर रविवारी पहाटेची गाडी पकडून मी जायचो. जन्मात पहिल्यांदा मला अशी एक जागा सापडली होती जिथे प्राणेश नव्हता. तीन आठवडे ते सुख टिकलं. चौथ्या रविवारी हा गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. "सूर्यण्णा, तू इतकं सांगत असतोस, म्हटलं बघून यावं."

मी नऊ तासांच्या शिकवणीनंतर एकटा उडालो. त्याला सतरा तास लागले. शिकवणारे कॅप्टन मला म्हणाले, "तुझे हात जन्मजात वैमानिकाचे आहेत." हे वाक्य मी आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आणि प्राणेशबद्दल काय म्हणाले?"

म्हणाले होते, तेही लिहून टाकतो. म्हणाले, "हा म्हातारा होईल." आम्ही सगळे हसलो होतो. वैमानिकाला याहून मोठं सर्टिफिकेट नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

खरी गोष्ट सुरू होते चौसष्ट साली. पुदुक्कोट्टै रस्त्यावरच्या धावपट्टीवर हवाई दलाची एक तुकडी सरावाला आली. जेट विमानं. कावेरीचं पात्र धरून, नारळांच्या शेंड्यांवरून, भाताच्या खाचरांवरून ती जात तेव्हा खालच्या गायी दावी तोडत. आमची क्लबची विमानं कापड आणि लाकडाची, तासाला सत्तर-ऐंशी मैलांची. जेट चारशे मैलांचं. आकाशात ना रस्ता, ना रस्त्यावर पोलीस. आम्ही एवढेसे, म्हणून त्याला दिसत नाही. आणि ते आम्हाला दिसेपर्यंत बोलायला वेळ उरलेला नसतो. ऑगस्टातच दोनदा थोडक्यात निभावलं. क्लबातल्या बाकीच्यांनी त्यावर नशीब हा उपाय काढला. प्राणेशने वही काढली.

रविवारी दुपारी क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो फळ्यापुढे उभा राहू लागला. काय सांगायचा ते मला पाठ आहे. "काचेतून बघताना जे विमान सरकतंय त्याला घाबरू नका. ते तुमच्या पुढून जाईल नाहीतर मागून. जे काचेवर माशी बसावी तसं एकाच जागी चिकटून बसलंय आणि हळूहळू मोठं होतंय, ते तुमच्यावर येतंय." आकाश एका नजरेत बघू नका, म्हणायचा, तसं काही दिसत नाही. डोशाचे तुकडे करतो तसे त्याचे तुकडे करा, एकेका तुकड्यावर नजर थांबवा, मग पुढच्यावर. वळण्याआधी दोन्ही बाजूंना बघून घ्या, उचललेल्या पंखामागे अख्खं जेट लपतं. नदीच्या मधोमध उडू नका, कारण जेटवाले नदी धरूनच वाट काढतात. आणि शेवटी दर वेळी हे एक वाक्य: "वर गेल्यावर चुकवण्यापेक्षा खाली असताना विचारा. कोण उडणार, केव्हा, किती उंचीवर. फोनवर नको, जाऊन विचारा."

लोक वह्यांत उतरवून घेत. मी मागच्या बाकावर शेंगदाणे खात बसे. मला हे सगळं येत होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आणि मास्तरकी करायची तर शाळेत करावी, असं मी दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं.

सप्टेंबरच्या शेवटी तो हवाई दलाच्या साहेबांना भेटायला निघाला. मला बरोबर घेतलं, कारण हिंदी माझी बरी. साहेबांचं नाव अमरसिंह, स्क्वाड्रन लीडर, राजस्थानकडचे. माणूस मोकळा. म्हणाले, "मला खालच्या उंचीवरून सराव करायला रोज दीड तास हवा. वेळ कुठलीही चालेल. तेवढा वेळ तुमचे लोक जमिनीवर राहतील का? आणि फळ्यावर वेळ लिहून देऊ म्हणू नका. पायलट फळा वाचत नाहीत, आमचेही नाहीत."

मी भाषांतर केलं. प्राणेश थांबला, त्याच्या रीतीप्रमाणे. मग म्हणाला, "साहेबांना सांग, एक दीड तास असा आहे की त्यात आमचा माणूस एरवीही इंजिनाला हात लावत नाही. न लिहिता, न सांगता. राहुकाळ."

आमच्याकडे दिवसातला दीड तास राहूचा. दर वाराची वेळ वेगळी. त्या वेळात कुणी मुलगी बघायला निघत नाही, बी पेरत नाही, दुकान उघडत नाही. क्लबातले झाडून सगळे, अगदी बी.ई. झालेलेसुद्धा, राहुकाळात शेडखाली बसून ताक पीत असत. अमरसिंह आधी हसले, मग टेबलावर थाप मारून म्हणाले, "मग तो राहू माझा. त्या वेळात आम्ही उडू, तुम्ही खाली बसा." ठरलं. हात मिळाले, चहा झाला. राहुकाळ कधी असतो, हे ना त्यांनी विचारलं ना आम्ही सांगितलं. साहेबांचे कारकून आणि स्वयंपाकी सगळे इथलेच होते. तंजावुरात राहुकाळ केव्हा, असं कुणी कुणाला विचारतं का?

आणि बघता बघता जमून गेलं. राहू लागायच्या आत आमची विमानं खाली, राहू लागला की त्यांची जेटं वर. महिनाभर कुणाला कुणाची सावली दिसली नाही. गावभर झालं, प्राणेशमास्तरांनी राहूलासुद्धा कामाला लावलं. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. भाषांतर मी केलं होतं, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी एक-दोनदा आठवण करून दिली, तर आई म्हणाली, "होय रे, तूही होतास म्हणे."

मला तेव्हा एकच आशा होती. तिरुवैयारूच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी भातावर विमानातून औषध फवारायचं ठरवलं होतं. दहा-बारा फुटांवरून विमान न्यायचं, बांध आला की उचलायचं, झाडांवरून वळायचं आणि परत खाली. हाताचं काम. कॅप्टननी माझं नाव सुचवलं होतं. मी कचेरीत सांगितलं, गल्लीत सांगितलं, आईला सांगितलं. खुद्द प्राणेशने माझा हात धरून म्हटलं, "हे तुझंच काम, सूर्यण्णा." त्याने तसं म्हणणंही मला टोचलं. हा कोण मला माझं काम देणारा?

मग नोव्हेंबरातल्या एका सुटीच्या बुधवारी मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. बुधवारचा राहुकाळ बाराला लागतो. सगळे शेडखाली होते, प्राणेश डब्यातला दहीभात जेवत होता. कुणीतरी म्हणालं, मास्तरांनी राहू असा बांधलाय की देवळातल्या नवग्रहांनाही तो सोडवता येणार नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, राहूबिहू म्हातारबायांसाठी ठेवा, आणि सव्वाबाराला विमान वर काढलं. प्राणेश उष्ट्या हाताने धावपट्टीपर्यंत धावत आला होता. मला दिसला. मी दुसरीकडे बघितलं.

कुडमुरुट्टी नदीवर वळलो तेव्हा काचेवर एक काळा ठिपका होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि तो सरकेना. फळ्यावरचं ते वाक्य डोक्यात आलं आणि मी नाक खाली घातलं. जेट डोक्यावरून गेलं. माझं विमान पत्र्याच्या डब्यासारखं खडखडलं. लिहायला लाज वाटते, पण मी वाचलो तो ज्याला मी शेंगदाणे खात हसत होतो त्याच्या वाक्याने.

मद्रासहून चौकशी आली. चौकशीच्या अधिकाऱ्याने प्राणेशला विचारलं, "त्या वेळी विमानात कोण होतं?" प्राणेश थांबला. मला वाटलं, आज तरी हा थांबून काहीतरी वेगळं बोलेल. तो म्हणाला, "माझे आत्तेभाऊ, सूर्यनारायणराव." सहा महिने माझं उडणं बंद झालं. फवारणीचं काम प्राणेशला मिळालं.

खोटं बोलला असता तर मी खूश झालो असतो का? नाही. मग मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. मला काहीही करून त्याला नावं ठेवायची होती, आणि हा माणूस कधी जागाच देत नसे.

चार दिवसांनी तो घरी आला. आईने मोठ्या कौतुकाने त्याला पुरणाची बोळी वाढली. खाऊन झाल्यावर म्हणाला, "सूर्यण्णा, मला शेताच्या टोकाला झेंडा धरणारा माणूस लागेल. विमानाची जात कळणारा. तू येशील?"

फवारणीत हा माणूस लागतोच. तो बांधावर उभा राहतो, वैमानिक त्याच्या रोखाने सरळ येतो, विमान डोक्यावरून गेलं की माणूस बारा पावलं बाजूला सरकतो, म्हणजे पुढचा पट्टा. शिवाय आकाशावर नजर ठेवायची. काही वेडंवाकडं दिसलं तर काखेतला लाल झेंडा वर करायचा. लाल दिसला की वैमानिकाने जमिनीला चिकटून बाहेर पळायचं. थोडक्यात, माझं काम तो करणार आणि मी चिखलात उभा राहून त्याला वाट दाखवणार. मी नाही म्हणणार होतो. आई म्हणाली, "येईल की. करायला काय आहे त्याला?" आणि खरं तर विमानाच्या जवळ राहायला मला कुठलंही निमित्त चाललं असतं.

डिसेंबर सगळा पावसात गेला. वर्षअखेरीला, एकतीस तारखेला, प्राणेशने मला एक पत्र घेऊन अमरसिंहांच्या कचेरीत पाठवलं. फवारणी कुठल्या गावांवर होणार त्याची यादी. साहेब नव्या वर्षाच्या सुटीवर होते, सराव आठवडाभर बंद होता. कारकून शिक्का शोधत होता तोवर मी भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, पानाच्या खाली त्या दिवसाचा राहुकाळ छापलेला, आणि तसंच सगळ्या वारांचं कोष्टक एका कार्डावर टाईप करून शेजारी टाचलं होतं. शुक्रवार, साडेदहा ते बारा.

प्राणेशच्या वहीत पुढच्या शुक्रवारचा राहू होता दहा बावन्नला. मी स्वतः बघितला होता.

सांगतो कसं ते. आमच्या घराण्यांमध्ये छापील कॅलेंडराला कुणी विचारत नाही. पणजोबांपासूनची रीत अशी, की सूर्य कधी उगवला ते बघायचं, मावळेपर्यंतच्या वेळेचे आठ भाग करायचे आणि त्यातला राहूचा भाग उचलायचा. छापील कोष्टक बारा महिने सूर्य सहालाच उगवतो असं धरून चालतं. ते परक्यांसाठी, असं आमच्यात म्हणतात आणि वर नाक मुरडतात. प्राणेश तर गणिताचा मास्तर, त्याने वर्षभराचा राहू मिनिटांपर्यंत काढून ठेवला होता. सप्टेंबरात दोन्ही वेळा जवळजवळ एकच होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही. पौषात सूर्य उशिरा उगवतो. आमचा राहू बावीस मिनिटं पुढे सरकला होता आणि हवाई दलाचा राहू भिंतीवर टाचलेला होता.

मी मूग गिळून बसलो. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, जेटं तर बंदच आहेत, घाई काय? तिसऱ्या दिवशी म्हटलं, गणिताचा मास्तर तो, त्याला कळायला नको? प्राणेशच्या हातून चूक झालेली मला माहीत होती आणि जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हती. ती चूक मी खिशातल्या वेलदोड्यासारखी अधूनमधून काढून हुंगत होतो. इतकं सुख मला आईच्या हातच्या जेवणानेही कधी दिलं नाही.

आठ दिवस गेले. तो शुक्रवार आला, पोंगलच्या आदल्या आठवड्यातला. तिरुवैयारूजवळ, कावेरी आणि कुडमुरुट्टीच्या मधल्या शेतांवर काम चाललं होतं. सकाळी सातपासून फेऱ्या सुरू. साडेदहा झाले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं होतं की साहेब सुटीवरून आले नसतील. असं वाटलं होतं, की वाटून घेतलं होतं, ते देव जाणे. प्राणेशला वाटत होतं की अजून बावीस मिनिटं आपली आहेत, एवढ्यात चार पट्टे होतील.

तो शेताच्या पलीकडच्या टोकाला नारळांवरून वर चढून वळत होता. नदीच्या बाजूचा पंख उचललेला. त्याच वेळी मला जेट दिसलं. पूर्वेकडून, नदी धरून, नारळांच्या दीडपट उंचीवर. आवाज नव्हता. जेटचा आवाज मागून येतो. प्राणेशला ते दिसणं शक्य नव्हतं, त्याचा पंख मध्ये होता.

झेंडा माझ्या काखेत होता. हात वर झाला नाही.

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मर, असं आलं नाही. तेवढा मी नाही. मनात आलं, आता कळू दे. आईला कळू दे, गावाला कळू दे, कॅप्टनना कळू दे की प्राणेशचंही चुकतं. बस्स, एवढंच आलं, आणि तेवढं येऊन जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ झेंडा काखेत राहिला.

मग मी तो वर केला. दोन्ही हातांनी केला, ओरडलो, बांधावरून धावलो. प्राणेशने वळण अर्धवट सोडून विमान झाडांच्या फटीतून खाली टाकलं. जेट त्याच्या वरून गेलं. मग आवाज आला. नारळ टपाटप पडले. विमान कालव्याच्या कडेच्या मातीच्या रस्त्यावर धक्के खात उतरलं आणि तिरकं होऊन थांबलं.

मी पोचलो तेव्हा तो खाली उतरून कालव्याच्या काठावर बसला होता. पाय पाण्यात, बुटांसकट. मी येताच त्याने वही काढली.

"कुठून आलं?"

"पूर्वेकडून. नदी धरून."

"उंची?"

"नारळाच्या दीडपट."

"दहा छत्तीस," त्याने स्वतःच लिहिलं. मग थांबला. या वेळी फार थांबला. "सूर्यण्णा, वळणात मी नेहमी अंक मोजतो. झाडांवर आलो तेव्हा तू पूर्ण नदीकडे वळून उभा होतास. झेंडा खाली होता. मी चारपर्यंत मोजले, मग झेंडा वर आला."

"थिजलो," मी म्हणालो.

आरोप केला असता तर मी भांडलो असतो. तो नुसता बघत राहिला आणि माझ्या पोटातलं सगळं ओठावर आलं. त्यांच्या भिंतीवरचं कोष्टक, साडेदहा, बावीस मिनिटं, सगळं.

"केव्हापासून माहीत होतं?"

"आठ दिवस."

त्याने वही मिटली. भागीरथी ही त्याची बायको, तेव्हा तिला सातवा महिना होता. तो म्हणाला, "भागीरथीला तू काय सांगितलं असतंस?"

उत्तर माझ्याजवळ होतं. मी तिला सांगितलं असतं, राहुकाळ होता. आणि गल्लीतल्या प्रत्येकाने मान हलवून ते खरं मानलं असतं.

परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जन्मात तेवढा एकदाच तो माझ्यावर रागावलेला मी बघितला, आणि खरं सांगतो, मला ते सोसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो दारात हजर. "चल, हिंदी बोलायला तू हवास."

अमरसिंहांपुढे त्याने चूक स्वतःवर घेतली. "आम्ही एकमेकांना घड्याळ विचारलं नाही, साहेब. माझा राहू मी घरात काढला, तुमचा तुम्ही भिंतीवरून घेतला." त्या दिवसापासून राहू गेला. रेडिओच्या वेळेला दोन्हीकडची घड्याळं लावायची, रोजचे तास आकड्यांत लिहायचे, दोन प्रती, दोघांच्या सह्या, आणि समोरच्याने मोठ्याने परत वाचून दाखवायचे. माझ्या आठ दिवसांबद्दल तो बोलला नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांनी विचारलं नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "झेंड्याला दुसरा कुणी बघ."

"दुसरा कशाला? फक्त रीत बदलू," तो म्हणाला. "लाल झेंडा नको. पांढरा एकच. आकाश मोकळं असेल तर तू तो वर धरायचा. वर दिसला तरच मी खाली येणार. नाही दिसला तर वरच्यावर परत जाणार. माणूस थिजला, घेरी आली, मनात काही भलतं आलं, तरी हात आपोआप खालीच राहतो. मग माझं काही बिघडत नाही."

मनात भलतं आलं, हे त्याने घेरी आली म्हणताना होता त्याच आवाजात म्हटलं.

ही रीत आता आमच्या बाजूला सगळे पाळतात, बाळकृष्णराव, आणि सत्काराच्या भाषणात कुणीतरी ती सांगेलच. सांगणाऱ्याला हे माहीत नसेल की आधीच्या रीतीत प्राणेशने खाली यावं म्हणून मला काही करावं लागत नव्हतं. नुसता उभा राहिलो तरी तो येत होता. नव्या रीतीत प्रत्येक फेरीला मला पूर्वेकडे बघावं लागे, पश्चिमेकडे बघावं लागे, आणि मग ठरवून हात वर करावा लागे की ये. सकाळी चाळीस फेऱ्या. खांदा भरून यायचा. पहिल्या दिवशी मला खात्री होती की हा बिचकेल. एकदा तरी स्वतः बघून घेईल, एकदा तरी वरून घिरटी घालून जाईल. मी त्याच्या जागी असतो तर शेताच्या आसपास फिरकलो नसतो. तो नारळांवरून वळला, पांढरा झेंडा बघितला आणि नाक खाली करून सरळ माझ्या रोखाने आला. पुढच्या फेरीलाही तसाच. मोसम संपेपर्यंत तसाच.

माझं लायसन मे महिन्यात परत मिळालं. हात अजून चांगले आहेत, कॅप्टन अजून तेच म्हणतात. पण झेंडा धरायला मी कुणाला उभा केला की मी दोनदा घिरटी घालतो, मगच खाली उतरतो. मला त्याच्यासारखं झेंडा बघून सरळ येता येत नाही. हेवा करायला त्याच्याजवळची ही एक गोष्ट उरली आहे, आणि ती मी कुणाकडून शिकायची ते मला कळत नाही.